उज्जयिनी नावाची सवत
मणि कौल यांचा ‘आषाढ का एक दिन’ (१९७१) उज्जैनकरानं जरूर पाहावा. रेखा सबनीसांची मल्लिका डोंगरातल्या घरात झुरते आणि अरुण खोपकरांचा कालिदास राजाश्रयासाठी चालता होतो. कुठे? तर आपल्याच गावी! दृश्यं अशी देखणी की डोळे भरून येतात. पण सवतच आपलं गाव, तर रडायचं कोणाच्या बाजूनं? मोहन राकेशांचं मूळ नाटक १९५८चं. त्याच वर्षी उज्जैनात कालिदास समारोह सुरू झाला. तिकडे कवी पळवल्याचा ठपका, इकडे त्याच कवीला हारतुरे. मल्लिकेच्या नावानं समारोह? छे, ती काल्पनिक ना! कालिदास मात्र शंभर टक्के आमचा; कागदपत्रं तेवढी मागू नका.