मरणोत्तर बढती

नोकरीतली बढती निवृत्तीला थांबते. पूर्वजांची तिथून पुढे सुरू होते. आमच्या खापरपणजोबांचंच बघा. आजोबा त्यांच्याबद्दल सांगायचे ते एका वाक्यात: "म्हातारा खाली गंगेवर आगबोटीवर व्हता, कप्तानाकडं." वडिलांच्या पिढीत ते आगबोटीवर तांडेल झाले. थोरले काका साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि हाती वेळ आला, तसं त्यांनी तांडेलाचा सारंग केला. पुढे पुतण्याच्या लग्नात व्याह्यांनी जेवता जेवता आपल्या घराण्यातला एक मामलेदार काढला. आत्या वाढता वाढता थांबली. "आमचे पणजोबा टगबोटीचे कप्तान होते," ती म्हणाली, "मोठमोठी जहाजं ओढायचे." मामलेदार मठ्ठ्याबरोबर खाली गेला.

अडचण एवढीच, की आमचं गाव पुणतांबा. इथून समुद्राकडे जायचं तर मध्ये सह्याद्री आडवा. पाणी म्हणाल तर गावाला गोदावरी आहे. तिला आम्ही गंगाच म्हणतो. घाट आहेत, देवळं आहेत, पर्वणीला गर्दी आहे. पण चैत्र-वैशाखात आवर्तन सुटलं नसेल, तर पात्रातून शेळ्या पलीकडे जातात आणि त्यांची पोटंही भिजत नाहीत. अशा नदीकाठी टगबोटीचा कप्तान जन्माला आला हे परगावच्या माणसाला पटवणं कठीण.

गावच्या माणसाला मात्र काही कठीण नाही. आमच्याकडे चांगदेवांची समाधी आहे. ते चौदाशे वर्षं जगले. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघाले आणि समोरून ज्ञानेश्वर भिंतीवर बसून आले. ती भिंत कोळसा आणि बाष्पक या दोहोंविना चालली. त्यापुढे कुणी बोट वाफेवर चालवली असेल, तर गावाच्या लेखी तो किरकोळ चमत्कार. "असंल की," एवढंच म्हणून पारावरची मंडळी पुढच्या विषयाकडे वळली.

मला ते 'असंल की' पुरेना. व्याही चौकस निघाले होते आणि बोटीचं नाव विचारत होते.

काकांचा सिद्धांत मुंबईचा होता. बंदर म्हणजे मुंबई, आणि मुंबई म्हणजे गोदी. पण सिद्धांताच्या आड सालं आली. मुंबईचं पोर्ट ट्रस्ट 1873 चं, ससून डॉक 1875 चा, प्रिन्सेस डॉक 1880 चा. आमचे खापरपणजोबा तोवर घरी परत येऊन शेती करत होते, हे काकाच छातीठोकपणे सांगत. शिवाय त्या काळच्या आगबोटींवर खलाशी, सुकाणी, तांडेल, सारंग अशी देशी माणसांची शिडी असायची, आणि सारंगापाशी ती संपायची. त्याच्या वर बहुतेक ठिकाणी गोरा साहेब. म्हणजे आत्याने पंगतीत दिलेली बढती राणीच्या सरकारलाही झेपली नसती.

मग घरची जुनी पेटी उघडली. तिच्यात एक मोडीतलं कर्जखत निघालं. 1875 च्या मे महिन्यात सुप्याला लोक उठले, सावकारांची खतं हिसकून जाळली आणि ते लोण नगर जिल्ह्यातही आलं. आमचं खत त्यातूनही शाबूत राहिलं. घराण्याचं नशीब असं नको तिथे बळकट आहे. आता खत वाचणार कोण? कुणबी नोंदी शोधायला 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्याला लगीनसराईतल्या आचाऱ्यासारखा भाव आहे. एका वाचकाने बऱ्याच विनवण्यांनंतर वेळ दिली. चष्मा पुसून त्याने वाचलं, की बैलजोडीसाठी रुपये घेतले, ते व्याजासह फेडीन, आणि खाली सही म्हणून निशाणी नांगर.

"नांगर!" काका उभेच राहिले. "बघ, बोटीचा!"

वाचक शांतपणे म्हणाला, "काका, अहो, त्या काळी लिहिता न येणारा प्रत्येक शेतकरी सहीच्या जागी नांगर काढायचा. वाणी तराजू काढायचा. बाईमाणसाची बांगडी असायची."

"पण कप्तानाला बैल कशाला लागतात?" मी विचारलं.

"बोट अडकली तर?" आत्या म्हणाली. माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी होती. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि त्यांनी चोपडा असा उघडला जणू आम्ही कालच येऊन गेलो होतो. खापरपणजोबा सापडले. त्यांचे वडील, भाऊ, मुलगे सापडले. धंद्याचा रकाना नव्हताच. गंगेच्या उगमाशी जाऊन आम्ही विचारत होतो की खाली गंगेवर आमचा माणूस काय करत होता, आणि चोपड्याचं म्हणणं एवढंच की तो वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता. खापरपणजींचं नाव कुठेच नाही. नवरा परमुलखात असताना घर, गुरं, सावकार आणि सासू यांना ज्या बाईने एकटीने ओढलं, तिला घराण्याने आजवर साधी खलाशाचीही जागा दिलेली नाही.

त्यानंतर एका सरकारी कचेरीत गेलो. जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही बघायची होती. खिडकीमागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि काळजीच्या सुरात विचारलं, "कप्तान कोणत्या प्रवर्गात येतं?" आजकाल पणजोबा शोधणारा माणूस दाखल्यासाठीच शोधतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक. मला दाखला नको, नुसता पणजोबा हवाय, असं म्हटल्यावर त्यांना माझा संशय आला.

आणि मग एकदाची गोदावरीवरची आगबोट सापडली. इथे नव्हे, खाली. आजोबा 'खाली गंगेवर' म्हणायचे ते अक्षरशः खरं होतं.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला. साहेबाची नजर वऱ्हाड-नागपूरकडे गेली. कापूस होता, वाट नव्हती. त्याआधीच सर आर्थर कॉटन यांनी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर मोठा बंधारा बांधला होता. त्यांचं ठाम मत होतं की रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त. तेव्हा बेत असा ठरला, की समुद्रापासून गोदावरीने वर, पुढे प्राणहितेने वर्धा-वैनगंगेपर्यंत उथळ तळाच्या आगबोटी न्यायच्या आणि त्यांच्यामागे बांधलेल्या पडावांतून कापूस समुद्राकडे ओढून आणायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते, दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी. तिथे बंधारे, कालवे आणि झडपा बांधून बोटी वळसा घालून काढायच्या. काम सुरू झालं. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेलं सिरोंचा तेव्हा 'अप्पर गोदावरी' जिल्ह्याचं ठाणं झालं. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल या योजनेचे मोठे कैवारी होते.

नदी मात्र कैवारी नव्हती. तिला पाणी असायचं ते पावसाळ्यात, तेही एवढं की बोट आवरेना. उन्हाळ्यात एवढं कमी की बोट हलेना. इकडे अमेरिकेतली यादवी 1865 ला मिटली, 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली आणि 1871 ला सरकारने योजना गुंडाळली. पुढे 1878 ला दौंड-मनमाड रेल्वे झाली आणि तिचं स्टेशन पुणतांब्यालाच आलं. ज्या आगगाडीने खापरपणजोबांची नोकरी घालवली, ती त्यांचा पत्ता काढत थेट घरापर्यंत आली.

राहिला कप्तान. तो मला एक सोडून दोन सापडले. बांधकाम बघणारे कॅप्टन हेग आणि सिरोंचाचा कारभार बघणारे कॅप्टन ग्लासफर्ड. तालुक्यात ग्लासफर्डपेठा नावाचं गाव अजून आहे. पण दोघेही पलटणीतले कॅप्टन. सगळ्या प्रकरणात कप्तान भरपूर, आणि त्यांच्यातला एकही बोटीचा नव्हे. आता आजोबांचं वाक्य पुन्हा वाचा. म्हातारा आगबोटीवर होता, कप्तानाकडं. पिढ्यांच्या प्रवासात शेवटचं 'कडं' गळून पडलं आणि माणूस साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसला. लाकडं फोडत असेल, भट्टीत सारत असेल, दोर धरत असेल. सुगीला पाच-पंचवीस रुपये गाठीला बांधून परत आला असेल, आणि ते पुरले नाहीत म्हणून बैलांसाठी खत लिहून दिलं असेल.

हे सगळं मी घरच्यांना बसवून सांगितलं. पुतण्या मोबाईलवर काहीतरी लिहीत होता. नंतर कळलं की त्याने आपल्या माहितीपत्रात 'जलवाहतूक क्षेत्रातला पाच पिढ्यांचा वारसा' अशी ओळ घातली. आत्या म्हणाली, "म्हणजे होते ना आगबोटीवर? मग झालं तर." काका बराच वेळ गप्प होते. कारखान्याच्या लेखा विभागात जन्म गेलेला तो माणूस, कागद एका वेगळ्याच कोनातून बघतो.

"योजना 1871 ला बंद झाली?"

"हो."

"साहेब लोक निघून गेले?"

"गेलेच असणार."

"मग बोटींचा चार्ज कोणाकडे दिला?"

मी गप्प.

"म्हणजे मागे राहिलेल्याकडेच," काका म्हणाले. "प्रभारी कप्तान." व्याह्यांना तसं रीतसर कळवण्यात आलं. 'प्रभारी' या शब्दाने दाव्याला जे सरकारी वजन आलं, त्यापुढे ते निरुत्तर झाले. त्यांचा मामलेदार कायम की हंगामी, हे त्यांना आजतागायत सांगता आलेलं नाही.

मला त्या रात्री वेगळीच काळजी लागली. खापरपणजोबांची प्रगती झाली, कारण त्यांच्यामागे एक वाक्य आणि एक नांगर, एवढाच पुरावा होता. माझं काय? मी पतसंस्थेत नोकरी केली. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचे उतारे, सेवानिवृत्तीच्या सत्काराची फ्रेम, सगळीकडे टंकलिखित अक्षरात 'कनिष्ठ लिपिक' असं छापलंय. एवढ्या दस्तऐवजाखाली दबलेल्या माणसाला कोणती पणती आणि कसली बढती देणार?

तेव्हापासून दर महिन्याला रद्दीवाला आला, की मी त्याला थोडेथोडे कागद देतो. सत्काराची फ्रेमही दिली. काच त्याने परत केली. पणतवंडांना हात-पाय पसरायला जागा हवी. फार अपेक्षा नाही, शाखाधिकारी केलं तरी पुरे. मात्र कुणा व्याह्याने पंगतीत सहकार आयुक्त काढलाच, तर त्यांनी मागे हटू नये.