वाळू आहे, उंट तेवढे आणा

जैसलमेरला दर हिवाळ्यात, माघी पौर्णिमेच्या सुमारास, मरू महोत्सव भरतो. उंटांच्या शर्यती, फेटे बांधायची चढाओढ, झोकदार मिशांना बक्षीस. मग आमच्या नगरनेच काय घोडं मारलंय? आराखडा फुकट देतो.

पहिली अट वाळूची. जैसलमेरकरांना पाहुण्यांना वाळूच्या टेकड्या दाखवायच्या तर चाळीसेक किलोमीटरवरच्या सम गावी न्यावं लागतं. आमच्याकडे प्रवरा-मुळेची वाळू मध्यरात्री डंपरमध्ये बसून आपणहून दारात येते. उंट नाहीत, हे कबूल. पण जानेवारीत ऊसतोड भरात असते. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्यावर ज्या डौलात डुलत जातो, तो पाहून उंटानेही वाट सोडावी. फेट्यांची चिंता नको, इथे सत्काराला फेटेवाला मांडववाल्याच्या आधी हजर असतो. मिशांची स्पर्धा तर चौकाचौकातल्या फ्लेक्सवर बारमाही चालू आहे. परीक्षक तेवढे नेमायचेत.

इतिहासही भरपूर. १४९० साली अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराची तुलना कैरो-बगदादशी व्हायची, हे आम्ही पाहुण्यांना चहाआधी ऐकवतो. ती तुलना वैभवाची होती. खापरी नळांतून गावात पाणी खेळत होतं, आणि १५८३ साली पुरा झालेला फराहबागचा महाल तर तळ्याच्या मधोमध उभा होता. तळं आटलं, महाल कोरड्यात उभा राहिला. कैरोशी साम्य आता धुळीपुरतं. मरू महोत्सवाला याहून अस्सल मंच राजस्थानातही मिळायचा नाही.

स्थळदर्शनही ठेवू. चांदबिबी महाल पाहायला डोंगर चढून गेलं की कळतं, हा सलाबतखानाचा मकबरा. चांदबिबीचा त्याच्याशी संबंध नाही. पाटी बदलायला जड जाऊ नये, २०२४ मध्ये आम्ही अख्ख्या जिल्ह्याची बदलली. (एसटीचे कंडक्टर अजून 'नगर, नगर'च ओरडतात, ते सोडा.) भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. म्हणजे कैदी म्हणून गेलं तर अडीच वर्षं मुक्काम. पाहुणा म्हणून जायचं तर आधी ओळखपत्र काढा.

खरी अडचण निमंत्रणपत्रिकेची. उद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत 'लोककलावंत'. ती बिचारी मंडळी संध्याकाळी सहापासून घुंगरं बांधून मंचामागे बसणार. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगतं उरकून पावणेदहाला ढोलकीवर थाप पडणार आणि दहाच्या ठोक्याला पोलीस स्पीकर बंद करणार.

यावर तोड नगरच्याच वेशीवर आहे. अरणगावजवळ मेहेराबादला दर ३१ जानेवारीला मेहेरबाबांची अमरतिथी असते. देशोदेशीचे हजारो लोक थंडीत येतात, गातात, आणि दुपारी बारा वाजता पंधरा मिनिटं सगळे गप्प बसतात. ज्यांनी ४४ वर्षं मौन पाळलं, त्यांची ती आठवण.

तेव्हा महोत्सव समितीवर वर्णी लागणाऱ्या भाग्यवंतांनो, एवढं कराच: मौनाची वेळ उद्घाटकांच्या भाषणावर ठेवा आणि वाचेल तो वेळ ढोलकीवाल्याला द्या.