रानात जागा, दारात नाही

अमेरिकेत मिनेसोटाच्या ईशान्य भागात, कॅनडाच्या हद्दीला लागून बाउंडरी वॉटर्स नावाचं रान पसरलंय. दहा लाख एकरांहून मोठं, हजाराहून जास्त तळी, आणि तंबू ठोकायला सुमारे 2000 ठरवून दिलेल्या जागा. प्रत्येक जागी चुलीची लोखंडी जाळी आणि मागे झाडीत, ना भिंत ना छप्पर, असा सरकारी संडास. या जागांना आरक्षण नाही. आधी वल्हवत पोचेल त्याची जागा.

घोडं अडतं ते रानात शिरायच्या आदल्या रात्री. मे ते सप्टेंबर मुक्कामाच्या परवान्यांना कोटा असतो, आणि परवान्यावर शिरायची तारीख व ठिकाण दोन्ही ठरलेलं. एक रात्र आधी शिरून तंबू टाकतो म्हटलं तर चालत नाही. मग रानाच्या वेशीवरच्या ईली गावाभोवती जागा शोधा! पण तिथल्या कॅम्पग्राउंडातल्या चांगल्या जागा दूरदृष्टीच्या लोकांनी कधीच ऑनलाइन पटकावलेल्या. त्यामुळे माणसांपासून लांब पळायला निघालेले आपण, गाडीच्या टपावर कॅनू बांधून, काळोखात टॉर्च मारत खांबांवरच्या आरक्षणाच्या चिठ्ठ्या वाचत फिरतो. जागा मिळालीच तर शेजारी घराएवढी आरव्ही गाडी, तिचा जनरेटर आणि आत चाललेला टीव्ही. आत रानात काचेची बाटली न्यायलाही मनाई. इथे रात्रभर बाटल्यांचाच खणखणाट.

परवान्यांचं बुकिंग जानेवारीच्या अखेरीस उघडतं. त्याच बैठकीत आदल्या रात्रीचंही बघून ठेवा.