लिनक्सदादा

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत गळका नळ दुरुस्त करणारा माणूस वेळेवर सापडणार नाही. लिनक्सदादा मात्र हमखास सापडतो. वय पस्तिशीच्या आसपास, टी-शर्टवर पेंग्विन, स्कूटरच्या किल्लीला अडकवलेला पेनड्राइव्ह. नोकरी कुठल्याशा आयटी कंपनीत. तिथल्या लॅपटॉपवर काय चालवायचं ते कंपनी ठरवते. त्यामुळे त्याचा साठलेला सगळा उत्साह संध्याकाळी सातनंतर शेजाऱ्यांच्या वाट्याला येतो.

पैसे घेत नाही. चहा घेतो, आणि आग्रह केला नाही तरी दुसऱ्यांदा घेतो. त्याची फी एकच: बिघाडाचं कारण शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. ही फी किती महाग पडते ते गिऱ्हाइकाला उशिरा कळतं.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि दादाचे सुगीचे दिवस आले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो बहुतेक करून आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. चांगले चालते-बोलते लॅपटॉप कागदोपत्री म्हातारे ठरले. दुसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त होताना घेतलेला लॅपटॉप भंगारात द्यायला निघाले, तेव्हा जिन्यात दादा भेटला. हा योगायोग होता असं त्याचं म्हणणं.

"काका, टाकून कशाला देताय? अर्ध्या तासाचं काम आहे."

दादाचा अर्धा तास हे स्वतंत्र परिमाण आहे. त्यात उबुंटू नावाचं लिनक्स लॅपटॉपवर चढतं, आणि ते चढेपर्यंत गिऱ्हाइकाला इतिहास ऐकायला मिळतो: १९९१ साल, हेलसिंकी, एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स, आपण हे नुसतं छंद म्हणून करतोय असं त्याने जगाला सांगणं, आणि आज तेच लिनक्स तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात असणं. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. कर्ज मागायला आलेल्यांची पूर्वपीठिका ऐकण्यात त्यांची हयात गेली होती.

चार दिवस बरे गेले. मग काकांचा फोन.

"अरे, हा तापतोय रे."

दुसऱ्या कुणाला ही तक्रार वाटली असती. दादाचा आवाज मात्र उजळला.

"किती?"

"किती म्हणजे? मांडीवर ठेववत नाही."

"तसं नाही काका. आकडा हवा." आणि तो जिना चढायला लागलासुद्धा.

लिनक्समध्ये जवळजवळ प्रत्येक गोष्ट फाइल म्हणून वाचता येते, यावर दादाची श्रद्धा आहे. तापमानाचीही फाइल असते. त्याने काळ्या खिडकीत काहीतरी टाइप केलं आणि खाली आकडा उमटला: ७८०००. काकू नेमक्या चहाचा कप ठेवायला आल्या होत्या.

"अगं बाई, अठ्ठ्याहत्तर हजार! बंद कर आधी तो!"

"काकू, हजाराने भागायचं. अठ्ठ्याहत्तर अंश सेल्सिअस."

काकांना हे लगेच पटलं. बँकेच्या ताळेबंदावरही डोक्याशी 'आकडे हजारांत' असं छापलेलं असतंच. त्यांनी विचारलं, "मग हे जास्त आहे का?"

"इंटेलचे प्रोसेसर साधारण शंभरापर्यंत तग धरतात. त्यापुढे स्वतःच वेग कमी करून घेतात."

"म्हणजे काळजीचं कारण नाही?"

"काळजी नाही. पण कारण आहे," दादा म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला.

पहिला संशयित निघाला फाइलींची सूची करणारा कार्यक्रम. नवी सिस्टीम आली की हा घरातली सगळी कपाटं उघडून बघतो, म्हणजे पुढे काही शोधायला गेलं तर चटकन सापडावं. काकांकडे नातवंडांचे अगणित फोटो, शिवाय स्कॅन केलेल्या पासबुकांची पानं. "त्याचं काम उरकलं की तो आपोआप गप्प बसेल," दादाने सांगितलं. तो गप्प बसला. आकडा थोडा उतरला, पण संध्याकाळी काकांनी जुन्या नाटकाचा व्हिडिओ लावला आणि पहिल्या अंकातच पंखा नटांच्या वरच्या पट्टीत बोलू लागला.

दुसरं कारण तिथेच सापडलं. व्हिडिओ उलगडायचं काम खरं म्हणजे ग्राफिक्स चिपचं. ब्राउझरने ते तिच्याकडे सोपवलं नाही, किंवा व्हिडिओ एव्ही१ सारख्या नव्या पद्धतीने दाबलेला असला आणि जुन्या चिपला ती पद्धतच ठाऊक नसली, की सगळा भार प्रोसेसरवर पडतो. यूट्यूबकडून व्हिडिओ जुन्या एच.२६४ पद्धतीतच मागवणारं एक छोटं एक्स्टेन्शन दादाने बसवलं. दुसरा अंक नीट ऐकू आला.

तिसरं कारण दादाने राखून ठेवलं होतं. या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या दोन चिप होत्या: एक रोजच्या कामाची, एक भारी खेळांसाठी. काका खेळतात ते पत्ते, तेही काकूंबरोबर. पण ड्रायव्हर नीट जुळला नाही तर दुसरी चिप काही काम नसताना जागी राहते, वीज खाते आणि तापते. इथे दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला एक व्हिडिओ दाखवतो: २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्सला अशाच दोन चिपांच्या लॅपटॉपबद्दल विचारलं गेलं आणि त्याने चिपवाल्या कंपनीला उद्देशून कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं. काकू खोलीत असल्याने दादाने त्या क्षणाच्या जरा आधी व्हिडिओ थांबवला आणि पुढचं हावभावांशिवाय सांगितलं. मग योग्य ड्रायव्हर घातला, भारी चिप झोपवली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. आकडा साठाखाली आला.

कुठलाही मेकॅनिक इथे उठला असता. पण काम होतंय म्हणून थांबणं दादाला जमत नाही. त्याने वीज वाचवणारं टीएलपी बसवलं. उबुंटूत त्याच कामाला आधीच एक व्यवस्थापक होता. दोघेही एकाच प्रोसेसरला परस्परविरोधी आज्ञा देऊ लागले, आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेत वाढलेल्या काकांना यातलं काहीही समजावून सांगावं लागलं नाही. "एकाला राजीनामा द्यायला लाव," एवढंच ते म्हणाले. दादाने टीएलपी काढलं.

शेवटी राहिली धूळ. दादाचा हात स्क्रू ड्रायव्हरकडे सगळ्यात उशिरा जातो, कारण धुळीला कमांड देता येत नाही. मागचं झाकण उघडल्यावर पंख्याच्या जाळीत गादीच्या कापसाचा चपटा थर निघाला. वर्षानुवर्षं लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला होता. हवा आत जायची वाटच बंद. प्रोसेसरवरची पेस्टही वाळून पापुद्रे धरलेली. काकूंनी तो कापूस चिमटीत धरून बघितला.

"हा काय चार दिवसांत साठला नाही. म्हणजे आधीही तापत असणार."

"तापत असणारच," काका म्हणाले, "पण आधी मोजलं कोणी होतं?"

दादाला इतकं सुंदर वाक्य स्वतःलाही कधी सुचलं नव्हतं. गिऱ्हाईक गारवा मागायला येतं आणि दादा त्याला कारण देतो. बहुतेकांना हा व्यवहार तोट्याचा वाटतो. काउंटरवर पैसे भरून 'सर्व्हिसिंग केलं' एवढी दोन शब्दांची पावती घेऊन येणं त्यांना सोयीचं पडतं. पण एखाद्या काकांना दुसऱ्या चहापर्यंत लक्षात येतं की आयुष्यात आपल्याला कुणी, कशाबद्दलही, 'का' हे इतकं नीट सांगितलेलं नाही. डॉक्टरने नाही, वीज मंडळाने नाही, मुलांनी तर नाहीच.

काकांच्या रक्तदाबाच्या वहीत आता तिसरा रकाना आहे. वरचा, खालचा, लॅपटॉपचा. सकाळी सात आणि जेवणानंतर. सरासरी शेचाळीस, रविवारी नाटकामुळे पन्नास.

परवा तळमजल्यावरचे गृहस्थ लिफ्टमध्ये कुरकुरले, की त्यांचा लॅपटॉप हल्ली भयंकर गरम होतो.

"किती?" काकांनी विचारलं.

"चटका बसतो हो."

"तसं नाही. आकडा सांगा."

"आकडा कुठला? तो कुठे दिसतो?"

काकांनी त्यांच्याकडे अपार करुणेने पाहिलं आणि खिशातून फोन काढला. "आज संध्याकाळी घरी आहात ना? अर्ध्या तासाचं काम आहे."