स्प्रिंगवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक तरी गृहस्थ असा असतो, ज्याला साठीच्या आसपास एकाएकी शोध लागतो की आपण वाकत नाही. आमच्या काकांना तो घरच्या सत्यनारायणाला लागला. पूजाभर मांडी घालून बसले खरे, पण आरतीला सगळे उभे राहिले तरी काका आपले पाटावरच. शेवटी गुरुजींचा खांदा धरून, ‘थांबा, ओढू नका’ करत उभे राहिले, तोवर कापूर विझला होता.

ही जमात थेट व्यायामाला लागत नाही. आधी चौकशी करते. काका बँकेतून निवृत्त, त्यातून उमेदीची वर्षं कॅश काउंटरवर गेलेली, तेव्हा चौकशी कसून झाली. हास्यक्लबात त्यांना हसू आलं नाही. झुंब्याला काकूंनी जाऊ दिलं नाही. मी म्हटलं, “अहो, पट्टे, ठोकळे, खुर्च्या, भिंतीतल्या दोऱ्या, सगळं घेऊन अय्यंगार गुरुजींनी १९७५ साली इथे पुण्यातच संस्था उघडली. जगभरातून माणसं येतात. तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटं!” काका म्हणाले, “तेच ना. इतकं जवळ, कधीही जाता येईल.” गेली कित्येक वर्षं ते कधीही जाऊ शकतात.

मग मुलीने वाढदिवसाला रिफॉर्मर पिलाटीजच्या दहा क्लासचं पॅकेज दिलं. एका क्लासचे हजाराच्या घरात. पैसे परत मिळत नाहीत हे कळल्यावर काकांना व्यायामाची गोडी लागली.

दुसऱ्या क्लासनंतर काका तज्ज्ञ झाले. जिन्यात गाठून सांगू लागले, “पिलाटीज हे आडनाव आहे. जोसेफ पिलाटीज. जर्मन. जन्म १८८३. लहानपणी दमेकरी, हाडं मऊ. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी डांबून ठेवला, तर हा तिथे बाकीच्या कैद्यांना व्यायाम शिकवायला लागला! आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा लावल्या म्हणतात. पुढे न्यूयॉर्कला क्लास काढला. पद्धतीचं नाव त्याने ठेवलं होतं काँट्रॉलॉजी.” मी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेत ऐकत होतो. १९६७ साली पिलाटीज वारले तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

एकदा मीही बघायला गेलो. रिफॉर्मर म्हणजे लांबट पलंग, त्यात रुळांवर सरकणारी गादी, गादीखाली स्प्रिंगा, पायाशी दांडा, खांद्यांशी दोन अडसर आणि दोऱ्यांना लोंबणारे पट्टे. काका पायात रबरी ठिपक्यांचे मोजे घालून उताणे. हे मोजे तिथे सक्तीचे. काकांनी एकच जोड घेतलाय आणि तो रोज गॅलरीत वाळत असतो. शिकवणारी मुलगी पंचविशीची. “अंकल, बेंबी पाठीच्या कण्याकडे ओढा.” काकांनी प्रयत्न केला. पण बेंबी आणि कण्याच्या मध्ये पस्तीस वर्षांची नोकरी होती.

मग ‘हंड्रेड’. पाय उचलायचे, डोकं उचलायचं आणि ताठ हात खालीवर हलवत शंभर मोजायचे. पाच आकड्यांत श्वास आत, पाच आकड्यांत बाहेर. काकांनी नोटांचं बंडल मोजावं तसे अठरा सेकंदांत शंभर पुरे केले आणि डोकं टेकलं. मुलगी तेव्हा तीसवर होती.

खरी गंमत पुढे. दांड्यावर हात, गादीवर पाय, मधलं शरीर फळीसारखं ताठ. काका म्हणाले, “मॅडम, एक स्प्रिंग कमी करा, वय झालंय.”

“अंकल, आणखी अवघड जाईल.”

“कमी केल्यावर अवघड कसं जाईल? करा तुम्ही.”

तिने केली. गादी मागे निघाली. काका लांब होत गेले, दंडापासून पोटऱ्यांपर्यंत थरथरू लागले, आणि “लावा, लावा ती परत!” असं ओरडत गुडघ्यांवर आले. गादी खाडकन पुढे आपटली. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी चारही स्प्रिंगा लावल्यागत तोंड केलं.

मुलीने समजावलं, की इथे स्प्रिंगच गादी धरून ठेवते. ती काढली की सगळा भार आपल्या पोटावर. काका घाम पुसत क्षणभर गप्प राहिले. मग चेहरा उजळला. “म्हणजे तारण कमी, जोखीम जास्त! असं सांगा ना!” तेव्हापासून ते कधी स्प्रिंग कमी करा म्हणाले नाहीत. आता जिन्यात भेटलो की कर्जदाराकडे बघावं तसं माझ्याकडे बघतात आणि तारणाचा सिद्धांत सांगतात. पॅकेज संपलं, तर दुसरं स्वतःच्या पैशाने घेतलं. ही बातमी काकूंनी सोसायटीत सांगितली तेव्हा दोघांनी तरी खरी मानली नाही.

यंदाच्या श्रावणात पुन्हा सत्यनारायण. आरतीची वेळ झाली. काकांनी बेंबी आत ओढली, कुकरची शिट्टी व्हावी तसा श्वास सोडला आणि कुणाचाही खांदा न धरता उठले. गुरुजी दचकून मंत्र विसरले. आरती झाली, प्रसाद झाला. दक्षिणा कनवटीला लावत गुरुजींनी काकांना दाराशी बाजूला घेतलं. त्यांचा एक हात गुडघ्यावर होता.

“ते मोजे,” त्यांनी हळूच विचारलं, “सोवळ्यात चालतील का?”