ब्लोअर दुरुस्ती आणि भाऊजी

मोटारीच्या हीटरचा पंखा बंद पडल्यास ही वार्ता सर्वप्रथम भाऊजींपासून लपवावी. हा नियम कुणालाच पाळता आलेला नाही. आपण ग्लव्ह बॉक्सखाली डोके खुपसायचा अवकाश, पार्किंगमध्ये आवाज येतोच: "फ्यूज गेला असणार!"

तेव्हा आधी फ्यूज पाहावा. भाऊजींचे समाधान होते. गेलेला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तीसच्या जागी चाळीसचा घालणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे, या भाऊजी-चिकित्सेत फ्यूज वाचतो आणि वायर जळते.

मग लक्षणे पाहावीत. पंखा एक, दोन, तीनवर मेलेला, पण चारवर घोंघावतोय? रेझिस्टर गेला. खालच्या वेगांना वीज रेझिस्टरमधून येते, चारला थेट. हा रेझिस्टर गार राहावा म्हणून पंख्याच्याच वाऱ्यात बसवलेला असतो. गुलमोहराखाली गाडी लावून लावून फिल्टरमध्ये पाला कोंबला गेला किंवा मोटर जड फिरून जास्त करंट ओढू लागली, की नवा रेझिस्टरही जळतो आणि आपण दुकानदाराच्या नावाने खडे फोडतो. कपलर काढून नीट पाहावा. एखादी पिन काळी पडलेली आणि भोवतीचे प्लास्टिक पाघळलेले दिसले, तर तोही बदलावा. हे वायरमन सांगतो. भाऊजी सांगत नाहीत.

चारही वेगांवर शुकशुकाट असल्यास स्विच चालू ठेवून मोटरच्या कपलरला टेस्ट लॅम्प लावावा. पेटला, तर मोटर खलास. नाही पेटला, तर लॅम्पचे एक टोक गाडीच्या बॉडीला टेकवून दुसरे पाळीपाळीने दोन्ही पिनांना लावावे. आता पेटला, तर घोळ अर्थच्या बाजूला.

तरीही नाही पेटला, तर वायर तपासावी. उंदरांबद्दल काय लिहावे! वायर कुरतडायला त्यांना दुसऱ्या कुणाची गाडी मिळतच नाही.

मोटरला खालून टपली मारताच पंखा सुरू झाला, तर कार्बन झिजलेत. टपली हे निदान आहे. भाऊजी त्यालाच दुरुस्ती समजतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा टपली मारायला येतात.

"आपल्याकडे हीटर हवाय कशाला?" असा प्रश्न पार्किंगमधले इतर तज्ज्ञ विचारतील. पंखा एसीचाही तोच असतो आणि जुलैत ताम्हिणीत काच आतून धुरकटली की समोरचा ट्रक अंदाजानेच ओळखावा लागतो, हे त्यांना सांगत बसू नये. भर मे महिन्यात कसारा चढताना इंजिनाचा काटा वर सरकू लागला, तेव्हा एसी बंद, काचा खाली, हीटर फुल्ल सोडून इंजिनाची उष्णता आमच्या अंगावर घेणारे भाऊजीच होते. बहीण आठवडाभर बोलली नाही, पण काटा उतरला.

म्हणून बॅटरी त्यांच्याच हातात द्यावी. उजेड रेझिस्टर सोडून आपल्या डोळ्यांत पडेल. तक्रार करू नये. कोपऱ्यावरच्या टपरीला त्यांनी आधीच दोन कटिंग सांगितलेले असतात.