जानेवारी, जुलै आणि मधला कूलर

आमच्या खामगावातल्या जुन्या इमारतीच्या पाठीमागे एक लोखंडी जिना आहे. आग लागली तर माणसांनी त्यावरून खाली यावं, म्हणून तो बांधलेला. माणसं सोडून बाकी सगळं तिथे सुखाने नांदतं : तुळशीच्या कुंड्या, हवा गेलेली सायकल, कोणाच्या तरी लग्नातून उरलेल्या खुर्च्या आणि दरवर्षी पिलं घालायला येणारी मांजर.

होळीच्या सुमारास वऱ्हाडात माळ्यावरचे कूलर उतरतात. खिडकीबाहेर कूलर ठेवायचा तर स्टँड करून घ्यावा लागतो, त्याला पैसे पडतात. जिन्याचा टप्पा फुकट. त्यामुळे मजल्यागणिक एकेक कूलर तिथे घरघरू लागतो. टाकी गळते, पाणी खालच्या पायऱ्यांवर ठिबकत राहतं आणि पावसाळ्याआधीच जिन्याचा पावसाळा सुरू होतो. सगळ्यात वरच्या टप्प्यावर खाट टाकून कुरडया वाळत असतात. शेजारच्या काकूंना मी एकदा म्हटलं, "काकू, ही आगीतून निसटायची वाट आहे." त्या म्हणाल्या, "आग का रोज लागते भाऊ? कुरडया त दरसाल कराच लागतात!"

राष्ट्रीय इमारत संहितेला असा जिना किमान सव्वा मीटर रुंद हवा असतो. आमचा तेवढा भरतो. कूलर वजा जाता जे उरतं, त्यातून मांजर आरामात जाते.

जिन्याकडे जाणाऱ्या दाराला कुलूप आहे, कारण आमच्या इमारतीने आग पाहिलेली नाही, चोर पाहिलेला आहे. किल्ली वॉचमनच्या करगोट्याला आणि वॉचमन दर गुरुवारी शेगावला. आग बाकी कोणत्याही वारी लागावी.

राज्याचा आग प्रतिबंधक कायदा 2006 चा. त्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सगळं सुस्थितीत असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो. हे महिने निवडणाऱ्याने वऱ्हाडातला मे काढलेला नसावा. जानेवारीत कूलर माळ्यावर, जुलैत कुरडया डब्यात. तारांवर सगळ्यात जास्त भार असतो आणि जिन्यावर सगळ्यात कमी जागा, ते दिवस नेमके दोन फॉर्मांच्या मधल्या फटीत पडतात.

यंदा जानेवारीत एजन्सीचा तरुण येणार म्हणून अध्यक्षांनी जिन्याला चंदेरी रंग मारून घेतला. खामगाव चांदीचं गाव, तेव्हा शोभलाही. पण पोरगा पक्का. त्याने रंगाकडे पाहिलंच नाही. गुडघ्यावर बसला आणि लोखंडी ब्रॅकेट भिंतीत शिरतं तिथे, बरोब्बर कूलरच्या जागेखाली, स्क्रूड्रायव्हरचं टोक खुपसलं. चंदेरी पापुद्रा निघाला आणि आतून चहापत्तीसारखा भुगा त्याच्या बुटांवर पडत राहिला. "रंगाने जिना धरून ठेवलाय काका," तो म्हणाला. काका, म्हणजे अध्यक्ष, म्हणाले, "मंग रंग चांगला हाय म्हनायचा."

त्याने फॉर्म दिला नाही. त्याच संध्याकाळी बैठक झाली. ब्रॅकेट बदलायचं ठरलं, वर्गणीवरून भांडणही रीतसर झालं. कुलूप काढून आतून ढकलली की उघडणारी कडी बसवायला चोराचं नाव काढून विरोध करणारे बरेच निघाले, पण तीही मंजूर झाली. उरला टप्प्यावर कूलर न ठेवण्याचा ठराव. त्यावर मात्र चर्चाच झाली नाही. सगळे कानटोप्या घालून, शाली पांघरून बसले होते. एकमताने हात वर गेले. पहिली सही काकूंनी केली.